फाईलला वजन नसतं: अमूर्त शिल्प आणि संगणकाची गोष्ट

कानात इअरफोन, बाहेर लोकलची नाहीतर बसची खडखड, आणि मध्येच माझा आवाज. तुमच्यातले बरेच जण असेच ऐकतात, हे मला माहितीये. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे लिखित रूप.

मागच्या भागानंतर एका श्रोत्याचा मेसेज आला. त्याचं म्हणणं असं: ‘आता थ्रीडी प्रिंटर आलाय. स्क्रीनवर आकार काढायचा, बटण दाबायचं, शिल्प तयार. मग शिल्पकार नेमकं करतो काय? आणि त्यातून ते अमूर्त शिल्प असेल तर विचारूच नका. वाकडातिकडा आकार, तो बरोबर की चूक कोण सांगणार?’

प्रश्न खोचक आहे, पण मला आवडला. घोड्याचं शिल्प असेल तर निदान घोडा जमलाय की नाही हे कुणीही सांगेल. अमूर्त शिल्पात ओळखीची वस्तूच नसते. आकार, पोकळी, तोल, वजन हाच तिथे विषय असतो. मग आकार काढायचं काम यंत्राकडे गेलं, तर उरलं काय?

मी या विषयावर वाचत गेलो, तेव्हा मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. संगणकाने शिल्पकाराच्या टेबलावरचं वजन काढून घेतलं. स्क्रीनवरच्या आकाराला ना किलो असतात ना टन. पण शेवटी शिल्प उभं राहतं ते जमिनीवर. तेव्हा ते वजन कुणालातरी उचलावंच लागतं. कुणाला? आजचा भाग या प्रश्नाच्या मागे जाणार आहे.

गणित आधीपासूनच होतं

पहिली गोष्ट, अमूर्त शिल्प आणि गणित यांची दोस्ती संगणकाच्या आधीची आहे. रशियात जन्मलेला नाउम गाबो म्युनिकमध्ये शिकला. तिथे त्याने कलेपेक्षा विज्ञान आणि इंजिनिअरिंगच जास्त पाहिलं. पुढे त्याने पारदर्शक प्लास्टिक आणि नायलॉनचे दोरे ताणून अशी शिल्पं केली, की हवाच वळणं घेत उभी आहे असं वाटावं.

इंग्लंडचा हेन्री मूर लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये जाऊन गणिताची मॉडेल्स बघायचा. एका टोकाला चौकोन, दुसऱ्या टोकाला वर्तुळ, मध्ये दोरे ताणलेले. चौकोनाचा गोल होताना अधेमधे कुठला आकार येतो, हे विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी केलेली ती साधनं. मूरने ते बघितलं आणि १९३७ च्या सुमारास स्वतःच्या शिल्पांत दोरे ताणायला सुरुवात केली.

म्हणजे आकार सूत्रातून येऊ शकतो, ही कल्पना जुनीच. फक्त सूत्रातून आकार काढायला हात आणि खूप वेळ लागायचा. हे गणित भराभर करून देणारं कुणीतरी हवं होतं.

१९६८: समोच्च रेषांचं शिल्प

आता येऊ १९६८ सालावर. ऑगस्टमध्ये लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ कंटेम्पररी आर्ट्समध्ये ‘सायबरनेटिक सेरेंडिपिटी’ नावाचं प्रदर्शन भरलं. संगणक आणि कला यांना एकत्र आणणाऱ्या सुरुवातीच्या मोठ्या प्रदर्शनांपैकी हे एक. जासिया राइखार्ट यांनी ते उभं केलं होतं. त्यात ‘क्वाड १’ नावाचं एक लाकडी शिल्प होतं. शिल्पकार होता अमेरिकेचा रॉबर्ट मॅलरी. त्याआधी हा माणूस टाकाऊ वस्तू जोडून शिल्पं करायचा.

त्याची पद्धत समजायला शाळेतला भूगोल पुरेसा आहे. समोच्च रेषांचा नकाशा आठवतोय? डोंगर आडवा कापला, तर प्रत्येक उंचीवर त्याची कड कशी दिसेल, ते त्या रेषा सांगतात. ट्रेकला जाणाऱ्यांना तर हे पाठच असतं. मॅलरीच्या ‘ट्रॅन-२’ या प्रोग्रामने शिल्पाच्या आकाराचे असेच आडवे काप काढले. प्रत्येक कापाची बाह्यरेषा कागदावर उतरली. त्या रेषेबरहुकूम लाकडाचे पातळ थर कापायचे, एकावर एक रचायचे, चिकटवायचे, घासायचे. दिवाळीच्या किल्ल्यासाठी तुम्ही पुठ्ठ्याचे थर रचले असतील, तर तंत्र तेच.

इथे वजन कुणी उचललं? मॅलरीनेच. संगणकाने रेषा दिल्या, भुसा मात्र शिल्पकाराच्या अंगावर उडाला.

त्याच वर्षी अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात चार्ल्स सुरी हा कलाकार एक पाऊल पुढे गेला. त्याने गणिती पृष्ठभागाचे आकडे थेट मिलिंग मशिनला दिले, आणि मशिनने लाकूड कोरलं. तुमच्यापैकी कुणी भोसरी-चाकणला किंवा कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत काम करत असेल, तर त्याला सीएनसी म्हणजे काय हे मी सांगायला नको. त्याचाच हा आजोबा. आता गंमत बघा. मशिन पृष्ठभाग गुळगुळीत करू शकत होतं, पण सुरीने हत्याराच्या खुणा मुद्दाम राहू दिल्या. हे कसं घडलंय ते दिसू दे, असा तो निर्णय. तो निर्णय मशिनचा नव्हता.

पुढच्या वर्षी, म्हणजे १९६९ मध्ये, मॅलरीने ‘आर्टफोरम’ मासिकात एक लेख लिहिला. संगणक आणि शिल्पकार यांच्या नात्याच्या त्याने सहा पायऱ्या सांगितल्या. पहिल्या पायरीवर संगणक नुसता हिशेबनीस. वरवर जावं तसा तो जास्त ठरवू लागतो, आणि शेवटच्या पायऱ्यांवर शिल्पकाराची गरजच उरत नाही. आपल्या श्रोत्याने परवा विचारलेला प्रश्न मॅलरीने पन्नासपेक्षा जास्त वर्षांपूर्वी विचारून ठेवला होता!

एक सुतार, एक प्राध्यापक

थर रचायची ही कल्पना पुढे यंत्रात गेली. चक हल या अमेरिकन इंजिनिअरला १९८६ मध्ये स्टिरिओलिथोग्राफीचं पेटंट मिळालं. द्रव प्लास्टिकवर अतिनील प्रकाश टाकून थरावर थर घट्ट करत जायचं. आज आपण ज्याला थ्रीडी प्रिंटिंग म्हणतो, त्याची ही सुरुवातीची पायरी. म्हणजे मॅलरीचीच थरांची युक्ती, पण आता हात न लावता.

पण हात सुटले का? १९९० च्या दशकातली एक जोडी बघू. ब्रेंट कॉलिन्स हा अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातल्या छोट्या गावातला, लाकूड कोरणारा शिल्पकार. गणिताचं शिक्षण नाही, पण त्याच्या शिल्पांतले घोड्याच्या खोगिरासारखे वळणारे पृष्ठभाग गणितज्ञांना ओळखीचे वाटायचे. साबणाच्या पाण्यात तारेची चौकट बुडवली की जो पडदा तयार होतो, त्याच्याशी नातं सांगणारे हे आकार.

कॅलिफोर्नियात बर्कलेला कार्लो सेकाँ हे संगणकशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनी कॉलिन्सच्या एका शिल्पाचं चित्र पाहिलं. सहा मजल्यांचा एक गणिती मनोरा वाकवून त्याचं कडं केलंय, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी सरळ फोन लावला. सहाऐवजी सात मजले घेतले आणि कडं जोडण्याआधी पीळ दिला तर? कॉलिन्सने तो आकार कोरून दाखवला. मग सेकाँनी एक प्रोग्राम लिहिला. मजले किती, पीळ किती, जाडी किती, हे आकडे बदलायचे की स्क्रीनवर नवा आकार हजर. त्यातून निवडलेल्या आकारांचे काप छापून कॉलिन्सकडे जात, आणि तो फळ्या कापून, चिकटवून, घासून शिल्प पूर्ण करी.

मला यात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. आधी एका आकारासाठी कॉलिन्सचे कित्येक आठवडे जायचे. त्यामुळे जो आकार मनात आला, तोच करायचा. आता दुपारच्या चहाच्या आत शंभर आकार बघता येतात. मग खरं काम उरतं ते निवडीचं. नव्व्याण्णव आकारांना ‘नको’ म्हणायचं, आणि उरलेल्या एकासाठी घाम गाळायचा. फोनवर एकाच क्षणाचे चाळीस फोटो काढून मग एक निवडताना आपल्याला जो ताण येतो ना, त्याचाच हा थोरला भाऊ.

पोलाद वाकवायचं कसं

आता हलक्या लाकडाकडून जड पोलादाकडे जाऊ, कारण वजनाचा प्रश्न इथे खऱ्या अर्थाने अंगावर येतो.

रिचर्ड सेरा. वडील सॅन फ्रान्सिस्कोच्या जहाज कारखान्यात पाइपफिटर. सेरा स्वतः तरुणपणी पोलाद कारखान्यांत राबलेला. त्याचं शिल्प म्हणजे पोलादाचे अवाढव्य पत्रे, तोलावर उभे. आणि हा तोल म्हणजे कवितेतला तोल नव्हे. १९७१ मध्ये मिनिॲपोलिसच्या वॉकर आर्ट सेंटरमध्ये सेराचं शिल्प उभारताना पत्रा कोसळला आणि एका कामगाराचा जीव गेला. अमूर्त शिल्पात बरोबर-चूक कोण ठरवणार, असं श्रोत्याने विचारलं होतं. गुरुत्वाकर्षण ठरवतं, हे त्याचं एक उत्तर.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला सेरा रोममधल्या बोरोमिनीने बांधलेल्या एका छोट्या चर्चमध्ये गेला. आत लंबवर्तुळाकार जागा आहे. बाजूने बघताना त्याला क्षणभर वाटलं, की जमिनीवरचं लंबवर्तुळ आणि छतावरचं लंबवर्तुळ एकमेकांशी तिरपं झालंय. प्रत्यक्षात तसं नव्हतं. पण तसं असेल तर? खालून वर जाताना अख्खी भिंतच पिळत गेली, आणि तरी लंबवर्तुळाचं माप बदललं नाही तर?

सेराने लाकडाची दोन लंबवर्तुळं कापली, मध्ये दांडा घातला, एक थोडं फिरवलं आणि त्यावर शिशाचा पत्रा गुंडाळला. आकार हातात आला. पण हातात मावणारं शिसं आणि माणसाच्या दुप्पट उंचीचं, दोन इंच जाडीचं पोलाद यांत जमीन-अस्मानाचा फरक. सपाट पत्रा कुठल्या आकारात कापायचा? कुठल्या रेषेवर किती वाकवायचा?

इथे मदतीला आलं ‘कॅटिया’ नावाचं सॉफ्टवेअर. फ्रान्सच्या दासो कंपनीने ते विमानांच्या डिझाइनसाठी घडवलं होतं. वास्तुविशारद फ्रँक गेरीच्या ऑफिसात ते बिल्बाओच्या गुगनहाइम संग्रहालयासाठी वापरलं जात होतं. त्याच ऑफिसातल्या तज्ज्ञाने सेराचा आकार त्यात बसवून दिला. म्हणजे लढाऊ विमानाचं गणित एका शिल्पाच्या कामी आलं.

पण फाईल मिळाली म्हणून पत्रा वाकत नाही. एवढं जाड पोलाद वाकवायची ताकद कुणाकडे आहे, याचा शोध घ्यावा लागला. शेवटी बाल्टिमोरजवळ स्पॅरोज पॉइंटच्या जहाज कारखान्यात काम झालं. जहाजांचे पत्रे वाकवणारं तिथलं जुनं, आडदांड यंत्र आणि ते चालवणारे अनुभवी कामगार यांनी स्क्रीनवरचा आकार खरा करून दाखवला. १९९७ मध्ये न्यूयॉर्कच्या डिया सेंटरमध्ये ‘टॉर्क्ड एलिप्सेस’ लोकांसमोर आली. आत शिरलं की भिंती कधी अंगावर येतात, कधी लांब पळतात. पाइपफिटरच्या मुलाचं शिल्प जहाज कारखान्यातच घडावं, हा योगायोग मला फार भावतो.

म्हणजे इथे वजन वाटलं गेलं. कल्पना शिल्पकाराची, हिशेब संगणकाचा, आणि पोलाद कामगारांच्या अंगावर.

सांधा दिसत नाही, कारण कुणीतरी तो घासलाय

यानंतरचं शिल्प तुम्ही नक्की पाहिलंय, निदान इन्स्टाग्रामवर तरी. शिकागोच्या मिलेनियम पार्कमधलं ‘क्लाउड गेट’. लोक त्याला ‘द बीन’ म्हणतात, कारण ते दिसतं राजम्याच्या दाण्यासारखं. शिल्पकार अनिश कपूर. जन्म १९५४ चा, आपल्या मुंबईतला. १९७० च्या दशकापासून मुक्काम लंडनला.

सुमारे २० मीटर लांब, १० मीटर उंच, आणि वजन जवळजवळ १०० टन. स्टेनलेस स्टीलचे १६८ पत्रे जोडून बाहेरचं कवच केलंय. प्रत्येक पत्र्याची वक्रता वेगळी. संगणकावरच्या मॉडेलशिवाय हे पत्रे एकमेकांना नेमके भिडणं कठीणच होतं. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये पत्रे तयार झाले आणि ट्रकने शिकागोला गेले. शिकागोत कडाक्याची थंडी आणि कडक उन्हाळा. स्टील आकसतं, प्रसरण पावतं. त्यामुळे आतला सांगाडा आणि बाहेरचं कवच एकमेकांना ताठ बांधलेले नाहीत, कवचाला हलायला वाव ठेवलाय.

जुलै २००४ मध्ये पार्क उघडलं, तेव्हा शिल्प अपुरं होतं. पत्र्यांमधले सांधे स्पष्ट दिसत होते. मग सगळ्या बाजूंनी तंबू ठोकला आणि वेल्डिंगचे सांधे टप्प्याटप्प्याने घासत, पॉलिश करत कामगारांनी ते पुसून टाकले. हे काम ऑगस्ट २००५ पर्यंत चाललं, आणि १५ मे २००६ ला शिल्पाचं रीतसर लोकार्पण झालं. सुरुवातीला ६० लाख डॉलरचा अंदाज होता, शेवटी खर्च गेला २ कोटी ३० लाखांवर.

ज्याने कधी ग्राइंडर धरलाय, बफिंग केलंय, त्याला विचारा वक्र स्टीलवरचा सांधा नाहीसा करणं म्हणजे काय. आज तिथे सेल्फी काढणाऱ्याला वाटतं, हा पाऱ्याचा थेंब यंत्रातून सबंधच पडला असणार. इतकं बिनचूक काम माणसाचं कसं असेल? तर ते माणसाचंच आहे. काम जितकं चांगलं झालं, तितके ते करणारे दिसेनासे झाले. सुरीने १९६८ मध्ये हत्याराच्या खुणा ठेवल्या होत्या, इथे त्या एकूण एक पुसल्या. दोन्ही निर्णय कलेचे आहेत. पण दुसऱ्या निर्णयाची किंमत घामात मोजली गेली, हे आपण लक्षात ठेवायला काय हरकत आहे?

धूर आणि सिमेंट

तुम्ही म्हणाल, मग संगणकाने नवीन असं काय दिलं? दोन उदाहरणं देतो.

अमेरिकेचा फ्रँक स्टेला सिगार ओढायचा. धुराची वलयं हवेत वळताना बघून त्याला वाटलं, हे शिल्प आहे, फक्त टिकत नाही. त्याने काळं अस्तर लावलेल्या पेटीत धूर सोडला, वेगवेगळ्या बाजूंनी कॅमेरे लावले, आणि त्या फोटोंवरून संगणकात धुराचा घन आकार उभा केला. पुढे ते आकार त्याच्या शिल्पांत आणि चित्रांत आले. डोळ्यांदेखत विरून जाणारी गोष्ट धातूत उभी राहिली. छिन्नी-हातोड्याने हे कसं करणार होता कुणी?

दुसरं उदाहरण पुन्हा कपूरचं. २००९ मध्ये लंडनच्या रॉयल अकॅडमीत त्याने सिमेंटची शिल्पं मांडली. संगणकाच्या तालावर फिरणारं यंत्र ओलं सिमेंट नळीतून सोडत जातं, वेटोळ्यांवर वेटोळी पडतात. सोऱ्यातून चकली पडताना बघितलीये ना? अगदी तसंच. आता घरात चकली करणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं, की साचा एकच असला तरी पीठ सैल झालं तर चकली पसरते, घट्ट झालं तर तुटते. कपूरच्या सिमेंटचंही तेच झालं. ढीग खचले, कलले, फुगले. यंत्राला मार्ग दिला होता, पण शेवटचा आकार ओल्या सिमेंटने ठरवला. आणि कपूरने तो तसाच स्वीकारला.

फाईल कुणाची?

आता अगदी अलीकडे. २०२२ मध्ये स्टेलाने, वयाच्या ८५ वर्षांनंतर, ‘जिओमेट्रीज’ नावाने डिजिटल आकार एनएफटी म्हणून विकले. घेणाऱ्याला फाईलबरोबर एक परवानगीही मिळाली: हवं तर त्याचा थ्रीडी प्रिंट काढा. म्हणजे शिल्प तुमच्या घरी, तुम्ही निवडलेल्या आकारमानात तयार होणार. इथे वजन उचलणारा कोण? विकत घेणारा!

यात खुलेपणा आहे, हे मला मान्य. संग्रहालयाच्या भिंतीआडचा आकार साताऱ्यातल्या एखाद्या पोराच्या टेबलावर येऊ शकतो. पण एक धोकाही आहे. १९६८ चे प्रोग्राम आज तुमच्या फोनवर चालणार नाहीत. दहा वर्षांपूर्वीची आपलीच एखादी फाईल उघडताना आपली काय त्रेधा उडते! लाकूड, कांसं, पोलाद मात्र कुठलाही पासवर्ड न विचारता उभं राहतं. सेरा आणि स्टेला दोघेही २०२४ मध्ये गेले. सेराचं पोलाद गंजत, रंग बदलत जागेवर आहे. स्टेलाच्या फाईल किती काळ उघडतील, हे ती सांभाळणाऱ्यांवर अवलंबून राहील.

तर, माझ्या श्रोत्या मित्रा, तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. बटण दाबणं सोपं झालंय, हे खरं. पण बटणाच्या आधी शेकडो आकार नाकारावे लागतात. बटणानंतर ते कशाचं करायचं, कुठे उभं करायचं, खुणा ठेवायच्या की पुसायच्या, आणि कुणाच्या खांद्यावर किती भार टाकायचा, हे ठरवावं लागतं. शिल्पकार आज ते ठरवतो, आणि त्याची जबाबदारी त्याच्यावर येते. मॅलरीची शेवटची पायरी आली असं मला वाटत नाही, कारण फाईल स्वतःहून जमिनीवर उभी राहायला अजून शिकलेली नाही.

मंडळी, एक काम सांगतो. तुमच्या गावात, चौकात, कॉलेजच्या आवारात एखादं अमूर्त शिल्प असेल, तर या आठवड्यात त्याच्याजवळ जा. आधी फोन खिशात ठेवा. शिल्प जमिनीला नेमकं कुठे टेकलंय ते बघा. सांधा शोधा, ग्राइंडरची खूण शोधा, थरांच्या रेषा दिसतात का बघा. मग हवा तर फोटो काढा, आणि मला पाठवा. पण अख्ख्या शिल्पाचा नको, तुम्हाला सापडलेल्या खुणेचा.

भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा, वाचत राहा!